आखूड नळी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या दाजींचे, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांचे. आईवडिलांचं करणं वेगळं, ते कुणी बोलून दाखवत नाही. पण पाटणच्या वरच्या अंगाला, जिथं सातवीच्या पुढं शाळाच नव्हती अशा वाडीतून एका पोराला उचलून उंब्रजला आपल्या घरी आणायचं, हायस्कुलात घालायचं आणि मग कराडच्या कॉलेजात पाठवायचं, हे काही दाजींवर कुणी लादलेलं नव्हतं. ते फौजेत हवालदार होते. कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी ते सुट्टीवर आले होते, आणि त्या दिवशी भर उकाड्यात पूर्ण वर्दी, बूट, टोपी चढवून ते माझ्याबरोबर निघाले. मी म्हटलं, "दाजी, आवं सुट्टीत वर्दी कशाला?"

"तुझा बा आला असता तर खिडकीतल्या कारकुनानं त्येला अरं-तुरं केलं असतं. ह्या कापडाला न्हाई करायचा," दाजी म्हणाले.

कारकुनानं खरंच केलं नाही. उलट बाक पुढं सरकवला. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर झालो. आज सांगलीत बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबनीस आहे, स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे, बायको अंगणवाडीत शिकवते. हे सगळं त्या बाकावरून सुरू झालं असं मी मानतो. हे आधी सांगितलं, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मी याच माणसाला नको ते बोललो आहे, आणि बोलण्याची माझी लायकी काय हा प्रश्न मला अजून पडतो.

निवृत्त होऊन गावी आल्यावर दाजी वर्षभरात उतरले. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. ऊस वाट्यानं दिलेला. सकाळी फाट्यावर चहा, पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा फाटा. अक्का म्हणायची, "घरात पाव्हणा आल्यासारखं वाटतंय बघ. कुटं बसावं ते त्येंस्नी कळंना झालंय." फौजेत ते युनिटच्या नेमबाजीच्या टीममध्ये होते. तो विषय निघाला की मात्र अंगात जान यायची.

माझी दाढ दुखायला लागली आणि त्या निमित्तानं मी सांगलीत एका दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. तोंड उघडं, बोलता येत नाही, आणि डॉक्टर आपल्या छंदाबद्दल बोलत होते. ते भावाकडं अमेरिकेला गेले होते तेव्हा तिथं त्यांनी एक खेळ बघितला होता. काउबॉय शूटिंग. जुन्या काळच्या गुराख्यांसारखी रुंद टोपी, पट्टा, बूट घालायचे. पट्ट्याला रिव्हॉल्व्हर. समोर लोखंडी पाट्या उभ्या केलेल्या. शिटी वाजली की हत्यार काढायचं आणि कमीत कमी वेळात पाट्या पाडायच्या. आपल्याकडं खऱ्या रिव्हॉल्व्हरनं हे जमणं शक्य नाही, म्हणून डॉक्टरांनी गॅसवर छर्रा उडवणारी रिव्हॉल्व्हरं आणली होती. दिसायला हुबेहूब जुनी, प्रत्येक काडतुसाच्या तोंडाशी एक छर्रा बसवायचा, आणि गॅसची नळकांडी मुठीत. प्रत्येक वेळी अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा, मग चाप दाबायचा. वडिलांचं हळदीचं गोडाऊन रिकामं पडलं होतं, तिथं हे चालायचं. शिकवायला मात्र कुणी नव्हतं. माझ्या तोंडातून बोळा निघाल्याबरोबर मी दाजींचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी दाजी गोडाऊनच्या दारात उभे राहिले. आत चार-पाच माणसं रुंद टोप्या घालून उभी होती. त्यांतले एक बेदाण्याचे व्यापारी, पोट एवढं की पट्ट्याला जादा भोकं पाडून घेतलेली. दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "ही फौज हाय का तमाशा रं?"

पण पुढच्या शनिवारी ते डॉक्टरांच्या आधी हजर होते. मग दर शनिवारी ठरूनच गेलं. उंब्रजहून एसटीनं सांगलीला यायचे, गोडाऊनवर शिकवायचे, रात्री माझ्याकडं मुक्काम, रविवारी परत. डॉक्टर त्यांना हवालदारसाहेब म्हणायचे. टोपी त्यांनी कधी घातली नाही. पण बाकीच्या शिस्तीत ती टोपीवाली माणसं त्यांनी महिन्याभरात सरळ केली. चक्राला सहा खण, पण भरायची पाचच काडतुसं, घोड्याखालचा खण रिकामा. नळीचं तोंड कायम पाट्यांकडं. एकदा व्यापारी हातात हत्यार घेऊन गप्पा मारायला मागं वळले, तर दाजींनी त्यांना दिवसभरासाठी बाहेर घालवलं. "शेठ, तुमी मालक असशीला बेदाण्याचं. हितं नळी फिरली की घरी." व्यापारी बिचारे बाहेर पोत्यावर बसून राहिले, आणि पुढच्या वेळी पेढे घेऊन आले. अक्का फोनवर म्हणाली, "शुक्रवारपासनंच इस्त्री चालू असती. माणूस परत आला बघ घरात."

मग पाचगणीचं ठरलं. तिथल्या एका रिसॉर्टवर हिवाळ्यात या खेळाचा सामना भरणार होता, पुण्या-मुंबईकडून माणसं येणार होती, आणि डॉक्टरांनी सांगलीची टीम द्यायचं कबूल केलं. टीमचे प्रमुख दाजी. जुनी रिव्हॉल्व्हरं खिळखिळी झाली होती, म्हणून नवी घ्यायची होती. विक्रेत्यानं दोन नमुने पाठवले. एक लांब नळीचं, एक आखूड नळीचं. डॉक्टर म्हणाले, "निवड हवालदारसाहेबांची. ते म्हणतील ते सगळ्यांना."

टेबलावर पोत्याचं कापड अंथरून दोन्ही ठेवली होती. दाजींनी आधी लांब नळीचं उचललं, हात सरळ केला आणि शेवटच्या पाटीवर नेम धरला. मी त्यांच्या उजव्या बाजूला होतो. नळीच्या टोकावर नेम धरायची जी बारकी माशी असते, ती पाटीवर थांबत नव्हती. कोंबडी दाणा टिपताना मान हलवते तशी ती हलत होती. थांबायची, पुन्हा हलायची. दाजींनी चटकन हत्यार खाली ठेवलं, आखूड नळीचं उचललं, तसाच हात सरळ केला. हात तोच, पण नळी मुठीच्या पुढं जेमतेम चार बोटं. हलणारं टोकच राहिलं नव्हतं.

"हे," दाजी म्हणाले.

व्यापारी हसले. "हवालदारसाहेब, एवढंसं? आमच्या नातवाचं टिकल्यांचं पिस्तूल याच्यापेक्षा मोठं आहे."

"शेठ, लांब नळी तुमच्या पोटाखालनं भाईर निघूस्तवर समदी पोरं पाट्या पाडून च्या प्यायला गेल्याली असतील."

सगळे हसले, व्यापारी सगळ्यात जास्त. मग दाजींनी कारणं सांगितली, आणि ती सगळी खरी होती. पाट्या काही लांब नसतात. आखूड नळी पट्ट्यातून लवकर सुटते, एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर लवकर वळते, वजन मुठीत राहतं. डॉक्टरांनी एकच अडचण काढली. या प्रकारात रिकामी काडतुसं एकेक करून मागच्या झडपेतून बाहेर ढकलावी लागतात, आणि ढकलायची काडी नळीच्या खालीच बसवलेली असते. नळी आखूड म्हणजे काडीही आखूड. काडतूस अर्धंच बाहेर येतं, बाकीचं बोटांनी ओढून काढावं लागतं.

"मग बोटं कशाला हायेत?" दाजी म्हणाले.

डॉक्टरांनी आखूड नळीची मागवली. सगळ्यांना सारखी. एक दाजींच्या हवाली केलं, सरावासाठी घरी न्यायला. परत येताना रिक्षात दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुजं काय मत हाय?"

"तुमाला जमंल ते, दाजी."

"मला न्हाई. समद्यांना जमंल ते," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

मी उंब्रजला गेलो तेव्हा अक्कानं मला परड्यात नेलं. दाजी फाट्यावर गेले होते. म्हणाली, "तुला दिसलं न्हवं?"

मी मान डोलावली.

"बशीतनं च्या सोडलाय त्येंनी. पेल्यातनं पित्यात, त्योबी अर्धाच भरायचा. दाढी आता न्हाव्याकडं. शर्टाची वरची गुंडी मी लावती. मी लावायला लागले की म्हणत्यात, बोटं सुजल्यात वातानं. मी म्हणती, व्हय, वातानंच."

"मिरजेला दाखवू या की, अक्का. तिथं नसांचे मोठे डॉक्टर आहेत."

"दोनदा म्हनलं. दोनदा ताटावरनं उठून गेलं." मग तिनं माझा हात धरला. "तिकडं कुणाला बोलू नगंस. शनवार हाय म्हणून त्यो माणूस माणसात हाय. त्यो काढून घेतलास तर मला भिंतीसंगं बोलाय लागंल."

मी बोललो नाही. ते तिचं घर होतं आणि तिचं म्हणणं मला पटलंही होतं. छर्ऱ्याचा खेळ, त्यात काय व्हायचं, असंही वाटलं असेल.

खंडेनवमीला मी सुट्टी काढून उंब्रजला गेलो. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, विळा, खुरपं, पहार, टिकाव. फौजेतल्या माणसाच्या घरात त्यांच्या जोडीला मेडलांची पेटीही ठेवतात. दाजींना या वर्षी रिव्हॉल्व्हर ठेवायचं होतं. पाचगणीला जायच्या आधी त्यावर हळदकुंकू पडलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. सकाळी लवकर उठून ते घरामागच्या बांधावर डबे मांडून सराव करत होते. आत अक्का देवघरापुढं पाटावर सगळं मांडत होती. तिनं हाक मारली, "आवं, आटपा की. निवद गार व्हतोय."

दाजी सराव मधेच सोडून मागच्या दारात आले आणि हत्यार रिकामं करायला लागले; आत अजून न उडालेले छर्रे होते. मी उंबऱ्याजवळ झेंडूची फुलं सोडवत बसलो होतो. काडीनं काडतूस ढकलायचं, ते अर्धं बाहेर यायचं, मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचं. चिमूट बसत नव्हती. काडतूस निसटायचं, पुन्हा आत जायचं, ते पुन्हा ढकलायचे. मी उठणार होतो. पण उठलो असतो तर मला दिसलं आहे हे त्यांना दिसलं असतं, म्हणून मी फुलांकडं बघत राहिलो. निघालेली काडतुसं ते शर्टाच्या खिशात टाकत होते. तिथं सकाळपासूनची बाकीचीही होती, त्यामुळं किती निघाली आणि किती राहिली हे त्यांनाही कळायला मार्ग नव्हता. अक्कानं परत हाक मारली. त्यांनी झडप बंद केली आणि आत आले.

फौजेत हत्यार रिकामं केल्यावर एक रीत असते. खाली ठेवायच्या आधी नळी जमिनीकडं धरून घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. नुसता टक् असा आवाज आला की हत्यार रिकामं. हीच रीत ते गोडाऊनवर सगळ्यांकडून करून घ्यायचे, तिथं लाइनीवर, समोर पाट्या असताना. घरात करायची काही गरज नव्हती. पण इतक्या वर्षांची सवय, आणि हत्यार देवापुढं ठेवायचं, म्हणून पाटापुढं उभं राहून त्यांनी नळी जमिनीकडं केली, घोडा ओढला आणि चाप दाबला.

अक्का वाकून कोयत्यावर फूल वाहत होती.

फळकूट मोडल्यासारखा आवाज झाला. अक्का "आई गं" म्हणाली, तेही मोठ्यानं नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसात छर्रा घुसला होता. पाटावर, विळ्यावर, फुलांवर थेंब पडत होते. दाजी तसेच उभे होते, हात अजून पुढं. मी टॉवेल आणायला धावलो तेव्हा अक्का पहिलं वाक्य काय बोलली ते मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, "दार लावा आधी."

मी दार लावलं. मग टॉवेल गुंडाळला, मग मागच्या वाटेनं तिला फाट्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छर्रा काढला, टाके घातले. शेजारणीला तिनं सांगितलं, पुजेला विळा पुसताना लागला. अंगठ्याकडं जाणारी नस दुखावली होती. जखम भरली, पण अंगठा आत वळेना. हाताची मूठ होईना. भाकरी ती आता उजव्या हातानं, परातीत एका बाजूला रेटून थापते.

दाजी त्या दिवशी दुपारभर पायरीवर बसून ते हत्यार पुसत होते. संध्याकाळी मी निघताना म्हणाले, "काडतूसच खराब हुतं. फुगल्यालं. म्हणून अडाकलं." मग म्हणाले, "पाचगणीला नवी घ्याय सांगतो डॉक्टरांना."

पाचगणीला. मला वाटलं होतं तो विषय पाटापुढंच संपला.

पुढच्या शनिवारी मी सांगलीच्या स्टँडवर गेलो तर दाजी नेहमीच्या गाडीनं उतरले. इस्त्रीचा शर्ट, वरची गुंडी लावलेली. ती कुणी लावली असेल, आणि कोणत्या हातानं, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. गोडाऊनवर त्या दिवशी डॉक्टरांच्या दोन्ही मुली आल्या होत्या. सामन्याची तयारी बघायला म्हणून त्यांना भिंतीकडच्या पोत्यांवर बसवलं होतं. दाजींनी सगळ्यांना सराव दिला, आवाज तसाच खणखणीत. शेवटी ते स्वतः उभे राहिले. पाचांतल्या तीन पाट्या पाडल्या. व्यापारी म्हणाले, "हवालदारसाहेब आमच्यासाठी दोन ठेवतात, आमची लाज राखायला." दाजी हसले. मग ते सगळ्यांकडं पाठ करून कोपऱ्यात गेले आणि हत्यार रिकामं करायला लागले. खूप वेळ लागला. एक काडतूस खाली पडून माझ्या पायाशी घरंगळत आलं. ते मी उचललं आणि जवळ जाऊन हळूच म्हटलं, "दाजी, मी काढू का?"

"हात लावू नको," ते म्हणाले. तो आवाज माझ्याशी बोलायचा नव्हता. तो हुकूम होता.

रात्री जेवताना बायको वाढत होती, दाजी भात कालवून चमच्यानं खात होते. मी मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, "तुझ्या अक्काचा आंगठा काय वळंना. म्हशीची धार मी काढतोय आता."

"जमतंय का?"

"कशाचं जमतंय. माझ्या हाताला पान्हाच सोडंना ती. सकाळी लाथ घातली, धारेची कासांडी गेली गटारात." ते हसले. मी हसलो. बायकोही हसली. मग ते ताटाकडं बघून म्हणाले, "पाचगणीला तू येणार न्हवं?"

बोलायची तीच वेळ होती. त्यांनीच दार किलकिलं केलं होतं. मी म्हटलं, "बघतो, रजा मिळते का." मला रजा मिळते हे त्यांनाही माहीत होतं.

तोंडावर बोलणं मला जमणार नव्हतं. त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीत पाठ टेकून बसत नाही. फोनवर बोलावं तर उंब्रजच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, शेजारच्या काकूसुद्धा मधे बोलतात. आणि ज्याच्यामुळं चार अक्षरं शिकलो त्याला निदान लिहून तरी सांगावं असं वाटलं. दाजी रविवारी गेले, मी सोमवारी पत्र लिहिलं आणि कामावर जाताना स्पीड पोस्टानं टाकलं. घरच्या पत्त्यावर न पाठवता फाट्यावरच्या त्यांच्या चहावाल्याच्या पत्त्यावर पाठवलं, म्हणजे ते त्यांच्याच हातात पडेल.

त्याचं काय झालं तेही सांगतो. दाजी पाचगणीला गेले नाहीत. डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला, शेतीचं काम निघालं असं सांगितलं, आणि रिव्हॉल्व्हर माझ्याकरवी परत पाठवलं. ते कापडात गुंडाळून अक्कानं माझ्या पिशवीत ठेवलं, दाजी तेव्हा घरात नव्हते. मिरजेला मात्र ते अक्काबरोबर आले. नसांच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हा बरा होणारा नाही, सांभाळायचा आहे, असं म्हणाले. अक्काचा अंगठाही पहिल्यासारखा वळणार नाही, असं कळलं. त्या दिवशी येताना-जाताना दाजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आता बोलतात. कसा आहेस, पाऊस आहे का, पोरं काय म्हणतात, एवढं. माझ्याकडं मुक्कामाला ते त्यानंतर आलेले नाहीत. अक्का फोनवर सांगते की दिवसभर पायरीवर बसून असतात, उजवा हात डाव्या हातात धरून. मी त्यांचा शनिवार काढून घेतला असं ती म्हणत नाही.

पत्र पाठवायच्या आधी मी एकदा कच्चं लिहिलं होतं, ते माझ्याजवळ राहिलं. ते असं.

दाजी,

नमस्कार. शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी रजेचं कारण दिलं. ते खरं नव्हतं. जे सांगायचं होतं ते तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही आता हत्यार धरू नये. पाचगणीला जाऊ नये, आणि गोडाऊनवरही लाइनीवर उभं राहू नये. तुमचा हात थांबत नाही. दोन रिव्हॉल्व्हरांतून तुम्ही आखूड नळी का निवडलीत ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. बाकी कुणाला दिसलं नाही. यात अक्काला काही विचारू नका, मी लिहितो ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

त्या दिवशी काडतूस खराब नव्हतं. ते तुमच्या बोटांना निघालं नाही. मी उंबऱ्यावर बसून बघत होतो. अक्का आणखी थोडी वाकली असती तर तो छर्रा डोळ्यात गेला असता. आता शनिवारी डॉक्टरांच्या मुली तिथं पोत्यांवर बसतात. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर तुम्ही त्याला कधीच बाहेर काढला असतात, आणि त्यानं कितीही कारणं दिली असती तरी ऐकली नसती.

डॉक्टरांना मी काही बोललो नाही. ते तुम्ही सांगावं. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, हाताचं नाव काढलं नाही तरी चालेल. पण पुढच्या शनिवारच्या आत सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं.

मिरजेला नसांच्या डॉक्टरांकडं गुरुवारची वेळ घेतली आहे. अक्काचा अंगठाही तिथंच दाखवू. मी रजा टाकली आहे.

तुम्ही रागवाल. माझ्याशी बोलणं बंद केलंत तरी मी काही म्हणणार नाही, तेवढा तुमचा हक्क आहे. शनिवारी तुम्ही आता काय करायचं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. खूप विचार केला, सुचलं नाही. सुचलं असतं तर आधी तेच लिहिलं असतं.

गुरुवारी पहिल्या गाडीनं येतो. दोघांनी तयार राहा. नाही राहिलात तरी मी दारात बसून राहीन.

तुमचा मेहुणा